सर्व्हर हलवल्यावर आधी गेटवे बघा

भाऊ, नागपुरात सीताबर्डीहून मिहानला नेलेला सर्व्हर शेजारच्या मशीनवरून पिंग होतो (चाचणीच्या हाकेला ओ देतो), बाहेरून नाही, म्हणता ना? मग केबल, नेटवर्क कार्ड ठीक आहे. बाकी सगळे फायरवॉलला (नको ती जोडणी अडवणाऱ्या यंत्रणेला) दोष देताहेत, ते नंतर बघू. आधी सर्व्हरवर 'आयपी राउट' (ip route) ही कमांड चालवा, डेटा कुठल्या वाटेने जातो ते दिसेल. 'डिफॉल्ट'ची, म्हणजे बाहेर जायच्या वाटेची, ओळच दिसत नसेल, तर बहुधा नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये पत्ता नवा आणि गेटवे (बाहेर जायचं दार असलेला राउटर) जुना राहिलाय. आपल्या सबनेटबाहेरचा (थेट जोडलेल्या पत्त्यांच्या गटाबाहेरचा) गेटवे लिनक्स सहसा स्वीकारतच नाही. दोन कार्डं असतील तर उलटंही होतं: दोन डिफॉल्ट, आणि उत्तर भलत्याच वाटेने जातं. एकच ठेवा.

पत्ता बदललाय, म्हणून डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) बघा. त्याचा टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा, ८६४०० असेल, तर दिवसभर काही लोक जुन्याच पत्त्यावर धडकणार. पुढच्या वेळी हलवायच्या दोन दिवस आधी तो ३०० करून ठेवा.