समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर ससाणा बसतो, मार्चपासून तिथे रंगकाम आहे. काय करू?

जांभ्याचा_चिरा (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. आमच्या समोर सात मजली बिल्डिंग आहे, तिच्या पाण्याच्या टाकीवर दिवाळीपासून एक ससाणा येऊन बसतो. सकाळी कोवळ्या उन्हात असतो, ऊन चढलं की गायब, संध्याकाळी परत हजर. आधी वाटलं शिक्रा असेल पण हा चांगलाच थोराड आहे, डोकं काळपट, डोळ्याखालून उतरलेली जाड काळी मिशी, पंख टोकदार. आमच्या गच्चीवर कबुतरांची पिसं रोजचीच झालीयेत, आई वैतागलीय, मिरच्या वाळत घालायच्या कुठे म्हणते.

आता मुद्दा. मार्चपासून त्या बिल्डिंगचं रंगकाम आहे, परांच्या बांधणार, टाकीचं वॉटरप्रूफिंग पण होणार. टाकीखाली स्लॅबची एक खोबण आहे, तिथे घरटं असलं तर वाट लागेल. त्यांच्या कमिटीतले एक काका म्हणतात पक्षीच आहे, उडून जाईल. परदेशात चर्चवर, टॉवरवर ससाण्यांसाठी पेट्या लावतात, कॅमेरे लावतात, तसं इथे करता येईल का? आणि मी नोंद ठेवायची म्हटली तर नेमकी कशाची ठेवू?

भाट्ये_पूल
आधी छातीचा रंग सांग, त्याच्यावर सगळं आहे. पोट-छाती विटकरी तांबूस असेल तर शाहीन, तो आपला इथलाच, सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करतो. छाती पांढुरकी आणि त्यावर बारीक आडव्या रेघा, गाल पांढरा असेल तर बहिरी, म्हणजे पार रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रातून थंडीपुरता आलेला पाहुणा. आणि छातीवर उभ्या तपकिरी रेघा असल्या तर पिल्लू, म्हणजे पहिल्या वर्षाचा. माझा अंदाज बहिरी, कारण दिवाळीच्या सुमाराला आला म्हणतोस आणि मिरकरवाडा बंदरातले कुरव (सीगल), खाडीतले चिखले (चिखलात चरणारे छोटे पक्षी) सगळे तेव्हाच येतात, त्याला घरबसल्या जेवण. बहिरी असेल तर घरट्याचा प्रश्नच नाही, मार्च-एप्रिलात तो आपणहून निघून जाईल, काकांचं बरोबर निघेल (कारण चुकीचं असलं तरी 😄).

खडपातली_तिसरी
@जांभ्याचा_चिरा गच्चीवर नुसती पिसं पडतात की सांगाडा पण? ससाण्याचं काम ओळखता येतं. दोन्ही पंख खांद्याच्या हाडाला जोडलेलेच राहतात, मधलं मांस साफ, आणि छातीच्या हाडाच्या कडेला चोचीने काढलेले त्रिकोणी खाच दिसतात. मांजराने खाल्लेलं असेल तर पिसांची मुळं चावलेली असतात, ससाणा पिसं सोलून उपटतो त्यामुळे मुळं शाबूत. आणि फक्त कबुतरंच आहेत का तेही बघ. युरोपातल्या शहरांत अशी पिसं गोळा करूनच कळलं की हे पक्षी रात्री दिव्यांच्या उजेडात स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची पण शिकार करतात, त्याआधी ससाणा म्हणजे दिवसाचाच शिकारी असंच धरून चालायचे.

नोंदीचं म्हणशील तर बसण्याची जागा आणि घरट्याची जागा यात गल्लत करू नकोस, बहुतेक लोक तिथेच फसतात. एकच पक्षी आहे की दोन? दोन असतील तर एक स्पष्ट लहान दिसतो का (नर मादीपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने लहान)? जानेवारी-फेब्रुवारीत हवेत कसरती, एकाने दुसऱ्याला शिकार देणं, कॅक-कॅक ओरडणं, आणि मग एक पक्षी दिवसभर दिसेनासा होणं, हे झालं तर घरट्याचा संशय घ्यायचा. काड्या शोधत बसू नकोस, ससाणे काड्यांचं घरटं करतच नाहीत, खडी-मातीत पोटाने खळगा करतात आणि त्यातच अंडी. साधारण महिनाभर उबवणं आणि पुढे सहा आठवडे पिल्लं, म्हणजे अडीच महिने ती जागा शांत हवी.

शिवाय बिल्डिंगवर काय बदललं ते तारखेसकट लिही, नवा अँटेना, कबुतरजाळी, गच्चीवर रात्रीचा फोकस, लग्नाचा ड्रोन. पक्षी का गेला हे नंतर कळतं ते यावरूनच. पक्षी दिसला नाही तो दिवस पण लिहायचा, लोक फक्त दिसल्याचं लिहितात.

गच्चीवरचा_मी
पेटी लावूनच टाका ना, कबुतरांचा बंदोबस्त पण होईल, आमच्याकडे डक्टमध्ये नुसता उच्छाद आहे

खडपातली_तिसरी
@गच्चीवरचा_मी पेटी लावली म्हणून ससाणा येत नाही, आधी जोडी तिथे ठरलेली असावी लागते. कॅनडात मॉन्ट्रियलला सन लाईफ विमा कंपनीच्या इमारतीवर १९३६ पासून १९५२ पर्यंत एक जोडी होती, आधी नुसत्या कठड्यावर अंडी टिकेनात, मग कुणीतरी वाळू-खडीची पेटी ठेवली तेव्हा पिल्लं वाढली. म्हणजे पक्षी आधी, पेटी नंतर. पुढे डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ होऊन तिकडचे ससाणे जवळपास संपले, अमेरिकेत १९७२ ला डीडीटीवर बंदी आली आणि पाळीव ससाण्यांची पिल्लं सोडून सोडून संख्या वाढवली, त्यातले बरेच शहरांत स्थिरावले. आपल्या थंडीच्या पाहुण्याला पेटीचा काडीचा उपयोग नाही.

सुरूचं_बन (देवगड)
ससाण्याचं माहीत नाही पण आमच्याकडे समुद्री गरुडाचं घरटं होतं, जुन्या आंब्यावर, दरवर्षी तेच घरटं, वर नवीन काड्या चढवत जायचे. झाडाखाली समुद्रसापांचे मणके पडलेले असायचे. आंब्याचा व्यवहार झाला, झाड गेलं, आणि पुढच्या दिवाळीला जोडी बरेच दिवस त्याच जागेवर घिरट्या घालत होती. आता लांब खाडीपलीकडे एका सुरूवर काड्या दिसतात. माझं म्हणणं एवढंच की काम काढायच्या आधी बोला, परांची चढल्यावर कोण ऐकत नाय. वन्यजीव संरक्षण कायद्यात ससाणा आणि समुद्री गरुड हे दोन्ही पक्षी परिशिष्ट एकमध्ये आहेत, घरटं किंवा अंडी डिवचणं म्हणजे शिकारच धरतात. हे सांगितलंत की कमिटीवाले पण जरा सरळ बसतात. वनखात्याचा नंबर १९२६.

जांभ्याचा_चिरा
सगळ्यांचे आभार. आज भावाच्या कॅमेऱ्याने फोटो काढले, छाती पांढुरकी, आडव्या रेघा, गाल पांढरा. म्हणजे @भाट्ये_पूल म्हणतोय तेच. एकच पक्षी आहे, दुसरा दिसलेला नाही. सांगाडा पण मिळाला, पंख जोडलेलेच, आईने काठीने ढकलून कोपऱ्यात ठेवलाय, खाच आहेत. कबुतर नाही पण, चोच लांब आहे, फोटो टाकतो, ओळखा.

कॉन्ट्रॅक्टरशी बोललो, तो म्हणाला सुरुवात पार्किंगच्या बाजूने करतो, टाकी शेवटी घेतो, तसंही वॉटरप्रूफिंगचा माल उशिराच येणारे.

भाट्ये_पूल
तुतारी दिसतेय, खाडीकाठचा छोटा पक्षी. टाकीला हात लावायच्या आदल्या दिवशी खोबण एकदा दुर्बिणीने बघ, आणि शेवटचा दिसला ती तारीख इथेच लिही. पुढच्या ऑक्टोबरात रंगवलेल्या टाकीवर बसतो का ते बघायचंय.