बसता मॅस्कॉट पुढे का कलंडतो?

एकाने विचारलंय की संमेलनातल्या विक्रीच्या टेबलावर मॅस्कॉट, म्हणजे ओळखचिन्ह म्हणून बसवलेलं कापडी अस्वल सारखं तोंडावर का पडतं. आतला पॉलिएस्टरचा कापूस हलका असतो आणि डोकं मोठं, म्हणून. बुडाजवळची मागची शिवण ४-५ सेंमी उसवा, थोडा कापूस काढा आणि प्लॅस्टिकचे दाणे भरलेली कापडी पुरचुंडी आत ठेवा. २५ सेंमीच्या खेळण्याला साधारण १५०-२०० ग्रॅम पुरतात. दाणे सुटे ओतू नका, पायांत उतरतात आणि तोल पुन्हा जातो. तांदूळ तर नकोच, किडे होतात. शिवण बंद करताना दोन्ही कडांच्या आतून आळीपाळीने सुई न्या, दोरा दिसत नाही.

३० सेंमीपेक्षा उंच प्राणी मागचा माल झाकतो. हरवू नये म्हणून नायलॉनचा दोरा पायाला बांधा. मानेला बांधला की दोन दिवसांत मान लुळी पडते.

नाव दोन-तीन अक्षरी, गोंगाटात हाक मारता येईल असं. ‘गुंड्या’ चालेल, ‘श्रीमान विद्युतप्रवाहक’ कोणी उच्चारणार नाही! नावाची पट्टी शिवा; पिन लहान मुलांच्या हाताला लागते.