शब्दचर्चा: ‘एच्ड’ नेमप्लेटला मराठीत काय म्हणायचं?

छोटीलाइन
नमस्कार मंडळी. नागपुरात आम्ही काही हौशी लोक वाफेच्या इंजिनांची मॉडेलं मांडून एक लहानसं प्रदर्शन भरवतो आहोत. बहुतेक इंजिनं ४ मिलिमीटरच्या मापातली आहेत, म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये ४ मिमी (१:७६). त्यांच्या अंगावर नावाच्या आणि नंबराच्या इवल्याशा पितळी पाट्या असतात. इंग्रजीत त्यांना ‘एच्ड नेमप्लेट’ आणि ‘एच्ड नंबरप्लेट’ म्हणतात.

टेबलावर ठेवायच्या माहितीत मी ‘कोरीव नामफलक व क्रमांकफलक’ असं लिहिलं. एकाने आक्षेप घेतला की कोरीव म्हणजे अक्षर आत गेलेलं, आणि इथे तर ते वर आलेलं असतं. दुसऱ्याने ‘अम्लरेखित’ सुचवलं. ते वाचून प्रदर्शनाला येणारी पोरं पळून जातील अशी मला भीती आहे. योग्य शब्द कोणता?

धंतोलीकर
आधी ही पाटी बनते कशी ते सांगा. वस्तू डोळ्यापुढे आल्याशिवाय शब्द ठरत नाही.

छोटीलाइन
सांगतो. पाव ते अर्ध्या मिलिमीटरचा पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा पत्रा घ्यायचा. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण.) दोन्ही बाजूंना प्रकाशाला संवेदनशील असा लेप द्यायचा. पाटीचं चित्र फिल्मवर काढून ती पत्र्याला चिकटवायची आणि अतिनील प्रकाश द्यायचा. मग लेप धुतला की जिथे धातू राखायचा तिथेच तो शिल्लक राहतो. आता पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात गेला की उघडा पडलेला धातू विरघळतो.

खुबी अशी की पुढच्या बाजूने अक्षरं आणि काठ झाकलेले, मधला भाग उघडा, आणि मागची बाजू झाकलेली. त्यामुळे मधला भाग अर्ध्या जाडीपर्यंतच जातो आणि अक्षरं वर राहतात. पाटीची बाह्यरेषा मात्र दोन्ही बाजूंनी उघडी ठेवतात, म्हणून तिथे पत्रा आरपार कापला जातो. एका पत्र्यावर अशा पन्नासेक पाट्या बारीक दुव्यांनी लटकलेल्या येतात. लागेल ती ब्लेडने सोडवून घ्यायची.

फेरिक
इंजिनिअरिंगला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांब्याचा बोर्ड) केलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. आम्ही सीताबर्डीवरून फेरिक क्लोराइडची पुडी आणून प्लास्टिकच्या घमेल्यात कालवायचो, हात आठवडाभर पिवळे. तेव्हा कोणी ‘अम्लरेखन’ म्हणत नव्हतं. ‘बोर्ड फेरिकमध्ये टाकला का?’ एवढंच विचारायचे.

शिवाय अम्लरेखन इथे शास्त्रानेही लंगडं पडतं. फेरिक क्लोराइड हा क्षार आहे. द्रावण आम्लधर्मी असतं हे खरं, पण तांबं विरघळतं ते त्यातल्या लोहामुळे. लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतं, स्वतः फेरस होतं आणि तांबं द्रावणात उतरतं. द्रावण वापरून वापरून हिरवट होतं ते म्हणूनच.

धंतोलीकर
‘अम्लरेखन’ हा चित्रकलेतला शब्द आहे आणि तिथे तो शोभतो. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर, त्यावर सुईने रेघ, मग आम्ल. रेघ आत जाते, तिच्यात शाई भरते, कागदावर उमटते. म्हणजे ‘रेखन’ अक्षरशः घडतं. तुमच्या पाटीत रेघ कोणी मारतच नाही, उलट रेघेभोवतालचं सगळं जातं. हा शब्द बाद करा.

‘कोरीव’वरचा आक्षेप मात्र मला पटत नाही. वेरूळचं कैलास लेणं ‘कोरलेलं’च म्हणतो ना आपण? वरून खडक काढत गेले आणि उरलं ते देऊळ. भोवतालचं काढून हवं ते उभं ठेवणं याला मराठीत कोरणं म्हणायला काहीच हरकत नाही.

गडवाट
शिल्पाच्या बाबतीत बरोबर आहे, पण अक्षरांच्या बाबतीत मराठीने हा भेद आधीच करून ठेवला आहे. किल्ल्यांवरच्या शिलालेखांची वर्णनं वाचा. ‘हा लेख उठावाचा आहे’ किंवा ‘हा लेख कोरीव आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फारसी लेख बरेचदा उठावाचे, म्हणजे अक्षर वर आणि भोवतालचा दगड छिन्नीने खाली नेलेला. देवनागरी लेख बहुधा कोरीव किंवा खोदीव. त्यामुळे शिलालेख वाचणाऱ्या माणसाला ‘कोरीव नामफलक’ म्हटलं की तो आत गेलेलं अक्षरच समजणार. तुमच्या आक्षेप घेणाऱ्याचा कान तयार आहे.

माझ्या मते उठावाची पाटी.

इतवारीवाला
उठावाची पाटी चांगलंच आहे जी, पण आमच्या बाजारात ‘पाट्यांना उठाव नाही’ म्हटलं तर माल खपून नाही राहिला असा अर्थ होते. 😄

बाकी भांड्यांच्या दुकानात आम्ही कोरणं बी म्हणत नाही अन् उठाव बी नाही. ‘ताटावर नाव घालून द्या’ म्हणतात लोकं. पूर्वी छिन्नी-हातोडीनं टकटक करत घालत, आता मशीनच्या सुईनं. शब्द तोच. नाव घालणं.

गडवाट
‘नाव घालणे’ हा फार सुंदर प्रयोग आहे, काका. पण तो क्रियेचा. पाटीला काय म्हणाल?

इतवारीवाला
पितळी पाटी. अजून काय म्हणावं!

खिळेवाला
उशिरा येतो आहे, पण या विषयात माझा थोडा हक्क आहे. छापखान्यात माझी उमर गेली. ऑफसेट येण्याआधी चित्र किंवा मोठं शीर्षक छापायचं तर जस्ताचा ब्लॉक लागायचा. तुम्ही वर्णन केलेली क्रिया जवळजवळ तीच आहे. फरक इतकाच की आमची अक्षरं उलटी, कारण ती कागदावर सुलटी उमटायची असत, आणि धातू जस्त असल्यामुळे नायट्रिक आम्ल. तिथे ‘आम्ल’ खरोखरच होतं.

आमच्यात क्रियापद एकच, खाणे. आम्लाने जस्त खाल्लं. ‘अजून खाल्लं नाही, राहू दे.’ ‘जास्त खाल्लं, रेघ गेली.’ हे मराठीच आहे. गंज लोखंड खातो, वाळवी दार खाते, तसंच हे.

आणि आम्ल सरळ खाली खात नाही. ते आडवंही खातं, अक्षराच्या पायाखाली शिरतं. बारीक रेघ असली की दोन्ही बाजूंनी पाया पोखरून ती निसटून जाते. म्हणून पूर्वी थोडं खाऊ देऊन पत्रा बाहेर काढत, लाल राळेची पूड चारही दिशांनी ब्रशने रेघांच्या कडेला लावत, तापवून ती वितळवत आणि पुन्हा आम्लात सोडत. दरवेळी थोडं थोडं. त्या पुडीला इंग्रजीत ‘ड्रॅगन्स ब्लड’ म्हणत. ब्लॉकमेकर चांगला की वाईट हे अशा कामात कळायचं.

छोटीलाइन
खिळेवाला काका, तुम्ही माझ्या डोकेदुखीवरच बोट ठेवलंत. मला देवनागरी पाट्या करून हव्या आहेत. बंगालमधल्या चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात १९५० साली तयार झालेलं पहिलं इंजिन डब्ल्यूजी ८४०१ (डब्ल्यूजी हा ब्रॉडगेज मालगाडीच्या इंजिनांचा वर्ग), त्याचं नाव ‘देशबंधु’. आणि १९७० सालचं तिथलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन डब्ल्यूजी १०५६०, ‘अंतिम सितारा’. दोन्ही मॉडेलं टेबलावर शेजारी ठेवायची आहेत.

आता हिशेब पहा. खऱ्या इंजिनावर ३ इंच उंचीचं अक्षर धरलं तर १:७६ ला ते बरोबर १ मिमी होतं. रोमन अक्षराला तेवढं पुरतं. देवनागरीत त्या १ मिमीत शिरोरेखा, वेलांटी, उकार सगळं बसवायचं. अनुस्वाराचा ठिपका मग ०.२ मिमीच्या आसपास. पाव मिमी पत्रा अर्धा खाल्ला तर खोली ०.१२ मिमी, आणि बाजूने साधारण त्याच्या निम्मं जातं. म्हणजे ठिपक्याच्या दोन्ही कडा मिळून निम्म्याहून जास्त गेलं. पहिल्या नमुन्यात ‘अतिम सितारा’ आलं आणि ‘देशबधु’.

फेरिक
‘अतिम’ 😂 इंजिनच वाचून घाबरेल.

खिळेवाला
ठिपका मूळ चित्रातच फुगवा. दीडपट करा, थोडा चौकोनी ठेवा, खाल्ल्यावर गोल होतो. शिरोरेखा जाड करा आणि ठिपका तिच्या जवळ आणा. आणि ‘ध’चा, ‘ब’चा पोकळ भाग अक्षराच्या मानाने मोठा ठेवा, नाहीतर तो खाल्लाच जात नाही, भरीव राहतो आणि रंग धरत नाही. छापायच्या अक्षराचं वळण जसंच्या तसं बारीक करून चालत नाही. बारीक मापाचं अक्षर वेगळंच काढावं लागतं, खिळ्यांतही (छापखान्यातल्या धातूच्या सुट्या अक्षरांतही) तसंच असे.

गडवाट
आपल्या भागातलीच एक गंमत यावरून आठवली. वाकाटकांचे ताम्रपट आणि रामटेकच्या केवल नृसिंह मंदिरातला शिलालेख ज्या लिपीत आहेत ना, तिला पेटिकाशीर्ष म्हणतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर इवलीशी चौकोनी पेटी. ताम्रपटावर ती छिन्नीने कोरताना कारागिराचे काय हाल झाले असतील! महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी नागपुरात बसून वाकाटकांचे ताम्रपट वाचले, त्यांच्या डोळ्यांनाही दाद द्यावी लागेल. ते खरे कोरीव. तुमच्या पाट्या त्या घराण्यातल्या नव्हेत.

धंतोलीकर
बरं, मी कोरीव मागे घेतो असं नाही, पण लोकांचा गैरसमज होणार असेल तर उठाव ठीक. मात्र खऱ्या इंजिनावरच्या पाट्या कशा होत्या? त्याही खाल्लेल्या?

छोटीलाइन
नाही. खऱ्या पाट्या बहुतेक ओतीव. लाकडी साचा, त्यावरून वाळूत ठसा, त्यात पितळ किंवा लोखंड ओतायचं. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने नावासाठी वेगळी रीत वापरली होती. पोलादी पट्टीवर पितळेची सुटी अक्षरं बसवत आणि ती कमानदार पट्टी चाकावरच्या मडगार्डावर चढवत. मॉडेलवाले त्या कमानीसाठी विशेष जीव टाकतात.

मजा अशी की ओतीव पाटीतही अक्षर वरच असतं. म्हणून ‘उठावाची’ हा शब्द खऱ्या आणि खेळातल्या दोन्ही पाट्यांना लागू पडतो, आणि कशी बनली ते ‘ओतीव’ किंवा… दुसऱ्या शब्दाने सांगता येतं. तो दुसरा शब्दच तर सापडत नाही.

फेरिक
खादीव. 😁

इतवारीवाला
खादीव म्हणाल तर लोकं समजतील खादी भांडारातून आणली बाप्पा.

तांबटाची नात
‘खादीव’ नको, पण काकांचं क्रियापद वाया घालवू नका. मराठीत विशेषण तयार होत नसेल तर वाक्य लिहावं, एवढं सोपं आहे. ‘पितळेचा पत्रा रसायनाने खाऊन अक्षरं उठवलेली पाटी.’ दहा वर्षांचं पोरही समजेल. ‘नामफलक’ तर मुळीच नको. तो सरकारी कार्यालयाच्या दारावरचा शब्द आहे. गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटला परिवहन विभागानेसुद्धा ‘उच्च सुरक्षा नोंदणी पाटी’ म्हटलं, इतक्या जड शब्दांच्या शेवटी का होईना, पाटीच आली.

धंतोलीकर
ताई, ‘पाटी’ला माझं पूर्ण अनुमोदन. फक्त पुण्याच्या पाहुण्यांना सांगा की हिच्यावर सूचना लिहिलेली नाही.

एक सुचवू? हमालांच्या दंडावरचा पितळी नंबर. त्याला बिल्ला म्हणतात. रेल्वेचाच शब्द, पितळेचाच, नंबराचाच. इंजिनाच्या नंबरप्लेटला बिल्ला का म्हणू नये?

छोटीलाइन
मोह होतो आहे खरा. पण बिल्ला माणूस लावतो, काढून ठेवतो. इंजिनाची पाटी घट्ट बसवलेली. आणि धूरपेटीच्या दारावरची, कॅबच्या बाजूची आणि कारखान्याची अशा तीन वेगळ्या पाट्या असतात. तिन्हींना बिल्ला म्हटलं तर गोंधळ होईल. कारखान्याच्या पाटीवर बनवणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक आणि साल असतं. तिला मी ‘कारखान्याची पाटी’च लिहिणार.

तांबटाची नात
बरोबर. आणि रंगवता कशी? अक्षर उठून दिसायला त्यामागची जमीन काळी किंवा लाल लागत असेल ना?

छोटीलाइन
हो, ‘जमीन’ हा शब्द नेमका दिलात, तोही माहितीत घालतो. पाट्या पत्र्यावरून सोडवायच्या आधीच सगळ्यांवर काळा किंवा लाल रंग फवारायचा. पूर्ण वाळू द्यायचा. मग सपाट लाकडी ठोकळ्याला हजार नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून वरून हलकेच फिरवायचा. अक्षरांच्या माथ्यावरचा रंग निघतो, पितळ चमकतं, जमीन रंगीतच राहते. बोटाने पेपर फिरवला तर तो जमिनीत उतरतो आणि पाटी वाया जाते. शेवटी वॉर्निशचा एक थेंब लावून इंजिनावर टेकवायची. वॉर्निश लगेच धरत नाही, त्यामुळे वाकडी बसली तर सरळ करायला सवड मिळते. झटपट गोंदाने ती सवड मिळत नाही.

खिळेवाला
आमच्याकडे उलटं. माथ्यावर शाई, जमीन कोरडी.

गडवाट
मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन आलात का? २००२ मध्ये सुरू झालं. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातल्या छोट्या लाइनचा इतिहास तिथे हाताच्या अंतरावर आहे. उठावाचं अक्षर बोटाने चाचपून पाहता येईल अशी पाटी आहे का, तेवढं पाहून या. नसेल तर रखवालदाराला विचारून.

छोटीलाइन
जातोच, रविवारी गर्दी असते, मधल्या वारी जाईन. माहिती आता अशी लिहितो आहे:

‘मॉडेलवरच्या पितळी पाट्या. खऱ्या इंजिनाच्या पाट्या बहुतेक ओतीव असत. या पाट्यांत पितळेचा पातळ पत्रा रसायनाने खाऊन अक्षरं उठवली आहेत. या क्रियेला एचिंग म्हणतात.’

चालेल?

धंतोलीकर
‘पातळ’ काढा. पातळ म्हटलं की नागपूरच्या बायकांना नऊवारी आठवेल. ‘बारीक पत्रा’ लिहा.

तांबटाची नात
धंतोलीकर, बारीक तार असते, पत्रा पातळच असतो. राहू द्या तसंच.

इतवारीवाला
अन् प्रदर्शन कुठं आहे ते तर सांगतच नाही हा पोरगा!