वाचनालय हवंच आहे, पण त्यासाठी झोन कशाला बदलायचा?

गॅलरीतून

मंडळी, मी बेळगावात टिळकवाडी आणि अनगोळच्या मधल्या एका गल्लीत राहते, तिसऱ्या रेल्वे गेटपासून चालत १० मिनिटं. आमच्या गल्लीच्या टोकाला १८ गुंठे मोकळी जागा आहे. मालकांनी घर बांधायला घेतली होती, पण वर्षानुवर्षं तशीच पडून आहे. आता ती सार्वजनिक इमारतीसाठी घ्यायची आणि झोन, म्हणजे शहराच्या नकाशात त्या जागेचा ठरवलेला वापर, निवासीचा सार्वजनिक करायचा असा प्रस्ताव आलाय. खाली वाचनालय आणि अभ्यासिका, वरच्या मजल्यावर ३०० खुर्च्यांचं सभागृह. पेपरात आलेली नोटीस कन्नडमध्ये होती. मुलगी शाळेत कन्नड शिकते म्हणून तिनं वाचून दाखवली, नाहीतर तो पेपर रद्दीतच गेला असता. हरकतीला १५ दिवस दिलेत, त्यातले ६ गेले.

मी हरकत घेणार आहे. आमची गल्ली कागदावर २० फुटी. एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला विजेचे खांब रस्त्यात आलेले. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला आमच्या पायरीपर्यंत मागे यावं लागतं. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. गल्लीत विटांची लॉरी उतरवायचं काम चाललेलं, अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडकली. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिथपर्यंत नेलं. मी त्यांचा हात धरून बाजूनं चालत होते. वाटेत त्यांची एक चप्पल पडली, ती उचलायलाही कुणी थांबलं नाही. ते वाचले. पण ३०० माणसांचा कार्यक्रम चालू असता तर ती खुर्चीसुद्धा बाहेर काढता आली नसती.

बारावीची आई

ताई, तुमच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत उलटं आहे आणि ते मांडणार.

मी अनगोळलाच राहते. दोन खोल्या, माणसं पाच. मुलगी सीईटीची तयारी करायलीय. घरात टीव्ही, धाकट्याचा दंगा, सासूबाईंचा खोकला. म्हणून ती रोज बस धरून गावात अभ्यासिकेत जाते. संध्याकाळी ७ नंतर बसची खात्री नाही, मग तिचे बाबा गाडी काढून गोगटे सर्कलवरून तिला आणायला जातात. हेच वाचनालय घराजवळ असतं तर ती चालत गेली असती. मग सांगा, गाड्या वाढल्या असत्या की कमी झाल्या असत्या?

आपल्या गावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. एवढी जुनी परंपरा सांगायची, आणि नव्या वस्तीतल्या पोरांनी मात्र जिन्यात बसून अभ्यास करायचा? घरपट्टीबरोबर आपण दर रुपयाला ६ पैसे ग्रंथालय कर भरतो. मग आपल्या भागात त्यातलं काही येऊ नये का?

वडगावचा माग

बारावीच्या आईचं बरोबर आहे. आमच्या वडगावात घरात माग आहेत. सुताचा टेम्पो येतो, साड्यांचे गठ्ठे जातात, आणि तसल्याच गल्लीतनं पोरं सायकलवरनं शाळेला जातात. जुळवून घेतलंय सगळ्यांनी. रस्ता अरुंद म्हणून नको म्हणायचं ठरवलं तर शहापूर, वडगाव, खासबाग, जुनं बेळगाव, कुठंच काही व्हायचं नाही. सगळ्या इमारती मोठ्या रस्त्याच्या लोकांनाच मिळणार.

आणि टिळकवाडीनं तर असं म्हणूच नये. १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन तिथंच भरलं. येणाऱ्या माणसांना पाणी मिळावं म्हणून खणलेली विहीर आजही आहे.

गॅलरीतून

दादा, तुमच्या टेम्पोची वेळ ठरलेली असते आणि ड्रायव्हर ओळखीचा असतो. हाक मारली की गाडी बाजूला घेतो. सभागृहाला येणारा माणूस गाडी दारात लावून आत जातो तो तीन तासांनी बाहेर येतो. त्याला मी कुठं शोधू? पोरं चालत येतील हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझी भीती वरच्या मजल्याची आहे.

हॉलशेजारी

ताईंची भीती खरी आहे. आमच्या घराशेजारी असंच सांस्कृतिक भवन म्हणून बांधलं. पहिल्या वर्षी दोन व्याख्यानं झाली, नंतर नुसती लग्नं, बारशी, साखरपुडे. लग्नसराईत आमची गाडी आम्हालाच बाहेर काढता येत नाही. खालच्या वाचनकक्षात केटररची भांडी ठेवलेली असतात. तक्रार केली तर म्हणतात, जागा सार्वजनिकच आहे की.

मोजणीदार (निवृत्त)

मी ३० वर्षं मोजणीचं काम केलं. चर्चा रस्त्याच्या रुंदीवर अडकलीय, कागदाचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे झोन बदल होतो तो कर्नाटक नगर व ग्रामांतर नियोजन कायदा, १९६१ च्या कलम १४-ए खाली. बदल सार्वजनिक हिताचा असला पाहिजे, आणि पेपरात नोटीस देऊन लोकांना हरकतीसाठी किमान १५ दिवस दिले पाहिजेत. हरकत लेखी द्या, सर्व्हे नंबर घाला, दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. नुसतं जाऊन भांडून आलं तर फाईलला काहीच लागत नाही. शेतजमिनीचं एनए करणं वेगळं, ते महसूल कायद्याखाली येतं. पुष्कळ लोक दोन्हीत घोळ करतात.

आता मुख्य मुद्दा. राज्यातल्या बहुतेक शहरांच्या झोनिंग नियमावलीत सार्वजनिक वाचनालय निवासी झोनमध्येही चालतं. शाळा, पोस्ट, प्रार्थनास्थळ यांच्याच यादीत ते असतं. तुमच्या भागाची नियमावली काढून बघा. तिथंही तसंच असेल तर वाचनालयासाठी झोन बदलायची गरजच नाही. मग बदल कशासाठी मागितलाय? सभागृहासाठीच ना? नकाशावर निवासी पिवळा असतो, सार्वजनिक लाल. एकदा लाल झाला की आज वाचनालय म्हणून सांगितलेल्या जागेत उद्या दुसरं कुठलं ऑफिस आलं तर तुम्हाला अडवायला फारसा आधार उरत नाही.

आणखी एक. जवळपासच्या नव्या लेआऊटमध्ये सीए साईट, म्हणजे नागरी सोयींसाठी राखलेली जागा, शिल्लक आहे का बघा. लेआऊटमध्ये अशी जागा सोडावीच लागते, आणि तिथले रस्ते सहसा रुंद असतात.

बारावीची आई

काका, हे मला माहीत नव्हतं. झोन न बदलता वाचनालय होत असेल तर माझी तक्रार नाही.

पण सभागृह सरसकट नको म्हणायलाही मन तयार होत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगावला गावकरी मंडप घालून दरवर्षी साहित्य संमेलन भरवतात. शहरात राहून आम्हाला मुलांचं कथाकथन ठेवायचं तर कुणाच्या तरी गच्चीवर ठेवावं लागतं. माझ्या मुलीनं शिवजयंतीचं भाषण पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीला टेकून केलं. मराठी बोलायला, ऐकायला एक छप्पर हवंय हो आम्हाला. आणि भाड्याचे चार पैसे आले नाहीत तर अभ्यासिकेचं लाईटबिल कोण भरणार? सीए साईट म्हणाल तर ती रिंग रोडच्या बाजूला कुठंतरी निघणार, म्हणजे मुलगी परत बसनंच जाणार.

वडगावचा माग

मोजणीदार काकांचं पटलं. झोन बदलाबद्दल मी माझं म्हणणं मागं घेतो. पण नवीन इमारत येते म्हटलं की गल्लीतले विरोधात जातात, हे मी बघितलंय. ताई, तुमची हरकत 'काहीच नको' अशी वाचली जाणार, आणि मग वाचनालयपण जाणार. त्यात काय पाहिजे तेपण लिहा.

गॅलरीतून

दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कालचा मसुदा आता वाचला, त्यात पाच वेळा 'विरोध' आहे आणि वाचनालय एकदाही नाही. नव्यानं लिहिते:

झोन निवासीच ठेवून तिथं वाचनालय आणि अभ्यासिका बांधावी. वरचा मजला बांधलाच तर ६० माणसांची खोली असावी, लग्नकार्याला भाड्यानं देऊ नये, आणि ही अट परवानगीतच लिहावी. गाड्या आवारातच लावाव्यात. बांधकामाआधी गटार झाकून खांब आत घ्यावेत.

मराठी आणि कन्नड दोन्हीत देणार आहे. कन्नड मुलगी लिहील. बारावीची आई, सही कराल का?

बारावीची आई

६० नको ताई, १०० करा. वर्गातली मुलं आणि त्यांचे आईवडील एवढेच धरले तरी ६० च्या वर जातात. आणि अभ्यासिका रात्री १० पर्यंत उघडी असावी, हे घाला. तेवढं घातलंत तर मी सही करते, आणि आमच्या चाळीतल्या आणखी अकरा जणींच्या आणते.

गॅलरीतून

१० पर्यंतचं आत्ताच घालते. १०० चं उद्या सकाळी जागेवर उभं राहून बघूया. १८ गुंठ्यांत तेवढ्या दुचाकी आत मावतात का, ते टेप धरून मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मोजणीदार काका, ८ वाजता याल का?

मोजणीदार (निवृत्त)

साडेसातला येतो. आठनंतर स्कूल व्हॅन सुरू होतात.