हक्का लग्नातला आजोळचा मान: खरा की देखाव्याचा?

शेवंती_शिंचू
आम्ही तैवानात शिंचूला राहतो, नवरा चिपच्या कारखान्यात. या भागात हक्का लोकांची, म्हणजे वेगळी बोली असलेल्या एका चिनी समाजाची, वस्ती मोठी. इथे येईपर्यंत हक्का म्हणजे माझ्यासाठी गाडीवरच्या नूडल्स, बाकी काही नाही. गेल्या हिवाळ्यात नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या लग्नाला दक्षिणेत मेइनोंगला गेलो. आदल्या दिवशी नवरदेव वाजतगाजत निघाला. मला वाटलं मुलीकडे चालला. तर नाही, स्वतःच्या आजोळी!

पुढे आपल्या सनईच्या जातीचं पण कानठळ्या बसवणारं वाद्य, ढोल, झांजा. वाटेत गावच्या भूमिदेवाला उदबत्ती. त्याला पाक-कुंग म्हणतात, म्हणजे चक्क ‘चुलत आजोबा’. मग आईच्या माहेरच्या कुलघरात जाऊन तिच्या पूर्वजांना वंदन, तिथून बापाच्या आईच्या माहेरी. दारात मामा उभे. आई सगळा वेळ मागे होती, बोलत काहीच नव्हती, मधूनमधून मुलाच्या कोटाची पाठ हाताने सरळ करत होती.

लग्नाच्या दिवशी वराकडून नवरीच्या आजीला डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा, त्यावर लाल कागद. याचं नाव आ-फो-न्युक, ‘आजीचं मांस’ (आजीसाठीचं! आमचं पोर ऐकून दचकलं होतं). लहानाचं मोठं केल्याबद्दल आभार.

आपल्याकडे मामा नवरीला बोहल्यावर आणतो, केळवणं होतात, पण नवऱ्या मुलाने आजीच्या माहेरच्या पितरांपुढे वाकायला जाणं मी कुठे पाहिलं नाही. हक्कांनी बायकांचे पाय कधी बांधले नाहीत, तसं त्यांचं माहेरही पुसून टाकलं नाही, असं मला वाटलं. ही रीत टिकावी. तुमचं काय मत?

पावशेर
शेवंतीताई, वर्णन झकास, निष्कर्ष गुलाबी. पाय बांधले नाहीत ते मानापोटी नव्हे. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातली डोंगराळ जमीन, पुरुष पोटासाठी दर्यापार, मग शेत कोण बघणार? बांधलेल्या पायांनी चिखलात उभं राहता येत नाही.

त्याच प्रांतातल्या मेइशियान भागात ‘तेन-लोंग-मोई’ असायची, ‘नवऱ्याची वाट बघणारी पोर’. घरात मुलगा जन्मायच्या आधीच सून आणून ठेवायची. मुलगा झाला की तिने त्याला पाठुंगळी बांधून वाढवायचा आणि मोठा झाल्यावर त्याच्याशीच संसार. चीनमध्ये १९५० च्या विवाह कायद्याने बालवयातल्या सोयरिकी बंद केल्या, तोवर हे राजरोस चालू होतं.

मेइनोंगला मुलीला तेलकागदाची छत्री देतात, ती पाहिलीत ना? त्यांच्या बोलीत ‘तेलकागद’ आणि ‘मुलगे आहेत’ एकसारखेच ऐकू येतात. म्हणजे पाठवणीतच पोराची मागणी.

शेवंती_शिंचू
छत्री पाहिली, दोन होत्या. अर्थ ठाऊक नव्हता, तो मुद्दा मान्य. पण मुलगा हवा म्हणून छत्री देणारं घर आजीच्या माहेरची आठवण ठेवू शकत नाही, असं कुठे आहे? आपल्याकडे ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ म्हणणारीच आजी लेकीची ओटी भरताना रडते.

वाटसरू
पाळलेल्या सुनांवरून आठवलं. आर्थर वूल्फ या मानववंशशास्त्रज्ञाने उत्तर तैवानात दाखवलं होतं की लहानपणापासून एकत्र वाढलेल्या अशा जोडप्यांना मुलं कमी होत आणि काडीमोड जास्त. भावंडासारखं वाढवायचं आणि मग एका खोलीत कोंडायचं, दुसरं काय होणार! मात्र ती गावं मुख्यतः होक्किन ही दुसरी चिनी बोली बोलणाऱ्यांची होती. म्हणजे ही चाल एकट्या हक्कांच्या माथी मारू नका.

पावशेर
मारत नाही. पण सणांकडेही बघा. चिनी पंचांगाच्या पहिल्या महिन्यात कुलघरात दिवा टांगतात, कारण ‘दिवा’ आणि ‘पुरुष वारस’ यांचा उच्चार जवळचा. गेल्या वर्षी ज्या घरी मुलगा झाला, त्या घराचा दिवा. मुलगी झाली तर अंधार?

शेवंती_शिंचू
तैवानातल्या डोंगशीला दिव्यांच्या सणात मुलगा झालेली घरं भाताच्या पिठाचे मोठाले लाल कासव-केक वाहतात, ते म्हणाल तर आता मुलींसाठीही करतात. रीत बदलते ती आतूनच, पावशेर. बाहेरून ‘अंधार अंधार’ ओरडून नाही.

रानडुक्कर
डुकरांबद्दल कोणीच बोलेना! सातव्या महिन्याच्या विसाव्या तिथीला शिंचूजवळ शिनपूच्या यीमिन मंदिरात नैवेद्याच्या डुकरांची वजनाची स्पर्धा असते. ६०० किलोच्या पुढे जातात ती. कोंबून कोंबून भरवलेली, उभंही राहता येत नाही. ही पण ‘टिकावी’ का?

शेवंती_शिंचू
नाही. हल्ली काही घरं तांदळाच्या पोत्यांचं डुक्कर रचतात, ते मला आवडतं. पण धागा लग्नाचा आहे, डुक्करदादा.

चामडेवाला
मी कोल्हापूरचा, चामड्याच्या धंद्यापायी कोलकात्यात वीस वर्षं काढली. तिथल्या टांगरा वस्तीतले बहुतेक टॅनरीवाले हक्का, मूळ मेइशियानचे. तुम्ही आजोळच्या कुलघराबद्दल बोलताय, यांचं कुलघर समुद्रापलीकडे. १९६२ च्या युद्धानंतर हजारो भारतीय चिनी राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. परतल्यावर काहींची घरंदारं, दुकानं गेलेली. पुढे न्यायालयाच्या आदेशाने टॅनऱ्या शहराबाहेर बांतल्याला हलवाव्या लागल्या. तरुण पोरं टोरांटोला.

मी गेलो त्या लग्नांत वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी चहा द्यायचा आणि लाल पाकीट घ्यायचं. एकदा आईकडचं कोणीच उरलं नव्हतं, तेव्हा नवऱ्या मुलाने आईच्या शेजारणीला चहा दिला. म्हातारीने पाकीट आणलं नव्हतं. ब्लाउजमधून घडी घातलेली पन्नासची नोट काढून तीच दिली. पावशेर, तुमचं सगळं बरोबर असेल. पण त्या नोटेला देखावा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पावशेर
शेजारणीपुढे हरलो. मिरवणूक देखावाच, हे मत मात्र तेच.

वाटसरू
ताई, एक शंका. आजीला मांस कच्चंच देतात का? आणि पुढे त्याचं काय होतं?

शेवंती_शिंचू
कच्चंच होतं. आजीने घरी नेलं, दुसऱ्या दिवशी आम्हालाही जेवायला बोलावलं. शिजवलं सुनेने. ती शेवटी जेवायला बसली तेव्हा लोणच्याचा पालाच उरला होता. (पावशेर, काही बोलू नका.)