पडद्याला सूज सांगितली, पण नजर उत्तम : हा मज्जातंतूंचा आनुवंशिक विकार असू शकतो का?

सायंतारा : माझा भाचा 19 वर्षांचा आहे. चष्म्याचा नंबर काढायला गेला असता ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे थर प्रकाशाने टिपणारी) तपासणीत दृष्टिचेतेभोवतीच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेभोवतीच्या) पडद्याला सूज असल्याचे सांगण्यात आले. मेंदूतील दाब वाढला असावा या शंकेने एमआरआय झाला, मणक्यातले पाणीही काढले. दाब सामान्य निघाला. तो लहानपणापासून पाय ताठ टाकून चालतो, जिना उतरताना कठडा सोडत नाही आणि त्याच्या बुटांची टोके आधी झिजतात. आम्ही त्याला धांदरटच म्हणत आलो. बहिणीचे लग्न सख्ख्या आतेभावाशी झाले आहे. या गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल का?

पडदातपासनीस : असू शकतो. ओसीटी केवळ जाडी मोजते. ती जाडी साचलेल्या द्रवामुळे आहे की मुळातच तंतूंचा थर जाड असल्यामुळे आहे, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. आर्सॅक्स या मज्जातंतूंच्या आनुवंशिक विकारात हा थर जाड असतो आणि नजर बहुधा चांगली राहते. कॅनडातील क्युबेक प्रांताच्या शार्लव्वा आणि सागने भागांतील रुग्णांवरून 1978 मध्ये त्याचे वर्णन झाले, त्याला कारणीभूत असलेले सॅक्स जनुक 2000 मध्ये सापडले. सागने भागात सुमारे 22 माणसांमागे एक जण वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण सदोष जनुक बाळगणारा) आहे. पण पुढे तुर्कस्तान, जपान, भारत अशा अनेक देशांत रुग्ण आढळले. 2018 च्या एका अभ्यासात सरासरी 119 मायक्रॉनपेक्षा अधिक जाडी हा, अडखळत चालणाऱ्या रुग्णांमध्ये, आर्सॅक्स ओळखण्याचा उत्तम निकष ठरला. अहवालातला आकडा किती आहे? आणि एमआरआय पुन्हा पाहायला सांगा : लहान मेंदूचा वरचा मधला भाग आकसलेला आणि मस्तिष्कसेतूत (मेंदूच्या देठाच्या एका भागात) काळसर रेघा, या खुणा सहज नजरेतून सुटतात. निदान मात्र जनुकीय तपासणीनेच पक्के होते.

व्यायामोपचारक : अशा मुलांना पुष्कळदा सेरेब्रल पाल्सी म्हणून नोंदवले जाते, आणि माझ्या मते हीच खरी चूक आहे, कारण त्या अवस्थेत मेंदूची मूळ इजा वाढत नाही, तर इथे ताठरपणा, तोल आणि पायांचे बळ वर्षागणिक खालावत जाते. मूळ रोग बरा करणारे औषध नाही. ताठरपणासाठी बॅक्लोफेन, नियमित व्यायाम आणि घोट्याचे स्प्लिंट यांचा उपयोग होतो. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून निदान ठरले तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. बहिणीला दुसरे मूल असल्यास जनुकीय समुपदेशकांना अवश्य भेटा.

सायंतारा : अहवाल काढून पाहिला. उजवा डोळा 148, डावा 151. भाच्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे आणि तीही जिन्यावर कठडा धरते. आजवर आम्ही ते भावाचे अनुकरण समजत होतो. एमआरआयची सीडी घेऊन सोमवारी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जातो.