बारा स्वरांतून सात: ३२, ७२ की ४६२?

स्वरार्थी
सप्तकातील १२ स्वरस्थानांतून सात स्वरांचे मेळ किती होतात, याची मी मोजदाद करत आहे. षड्ज कायम ठेवून उरलेल्या ११ स्थानांतून ६ निवडली, तर ४६२ प्रकार होतात. परंतु सतराव्या शतकात कर्नाटक संगीताचे शास्त्रकार व्यंकटमखी यांनी ७२ मेळ सांगितले आणि हिंदुस्थानी पद्धतीच्या गणिताने ३२ थाट (तिथे मेळांना थाट म्हणतात) निघतात. हा फरक नेमका कोणत्या अटींमुळे पडतो? आणि त्यांतले मोजकेच मेळ इतके रुळले, याला काही गणिती कारण आहे का?

अंकमित्र
सा आणि प अचल, उरलेल्या पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपे आणि त्यांतले एकच घ्यायचे, म्हणून २ चा पाचवा घात, ३२. व्यंकटमखींनी रे आणि ग यांसाठी चार स्थाने सामाईक धरली. त्यांतली कोणतीही दोन ६ प्रकारे निवडता येतात, ध-नि यांचेही तसेच, आणि मध्यम दोन; म्हणून ६ × ६ × २ = ७२. त्या ७२ पैकी कनकांगी मेळात हिंदुस्थानी पद्धतीतले कोमल आणि शुद्ध असे दोन्ही रिषभ येतात, फक्त दुसऱ्याला तिथे गांधार म्हणतात. ३२ थाटांत अशी जोडी बसूच शकत नाही.

मूर्च्छना
दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. सप्तक वर्तुळावर मांडा आणि षड्ज कोठेही धरता येतो असे माना. फक्त षड्ज सरकवून एकमेकांतून मिळणाऱ्या मेळांची एक माळ समजा. मग ४६२ मेळ ६६ माळांत विभागले जातात, प्रत्येक माळेत सात. ज्या माळांत लगतची अंतरे फक्त एक किंवा दोन अर्धस्वरांची (अर्धस्वर म्हणजे शेजारच्या दोन स्वरस्थानांमधले अंतर) आहेत, अशा माळा तीनच निघतात, कारण पाच मोठ्या अंतरांमध्ये दोन लहान अंतरे शेजारी, एक सोडून किंवा दोन सोडून एवढ्याच रीतींनी बसतात. तिसरी माळ बिलावलची. तिच्यात षड्ज सरकवत गेल्यास काफी, भैरवी, कल्याण, खमाज आणि आसावरी मिळतात, म्हणजे भातखंडे यांच्या १० थाटांपैकी ६ एकाच माळेतले आहेत. उरलेल्या चारही थाटांत तीन अर्धस्वरांची उडी आहे.

अंकमित्र
हीच माळ स्वरांच्या संवादातूनही येते. मध्यमापासून कंपनसंख्येच्या ३:२ या गुणोत्तराने, म्हणजे एकेक पंचमाने, म, सा, प, रे, ध, ग, नि असे चढत जा आणि सगळे स्वर एका सप्तकात आणा. अशा साखळीत स्वर कितीही घेतले, तरी लगतच्या अंतरांची मापे तीनपेक्षा अधिक होत नाहीत. हे प्रमेय १९५० च्या दशकात सिद्ध झाले. ५, ७, १२ आणि पुढे ५३ स्वरांवर थांबले तर मापे दोनच राहतात. सातांत ती सुमारे २०४ आणि ९० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतात. बारा पंचम मात्र सात सप्तकांच्या २३.५ सेंट पुढे जातात, आणि ५३ पंचम ३१ सप्तकांच्या अवघे ३.६ सेंट पुढे.

स्वरार्थी
दोघांचे मनापासून आभार. बिलावलच्या माळेतला सातवा मेळ मी निषादाला षड्ज मानून, षड्जाचे स्थान ० धरून लिहून पाहिला: ०, १, ३, ५, ६, ८, १०. त्यात पाचवे आणि सहावे स्थान, म्हणजे दोन्ही मध्यम आहेत, पण सातवे नाही. पंचमच नसल्याने तो ३२ मध्ये नाही, ७२ मध्येही नाही. ४६२ मध्ये मात्र आहे.